शिऱ्यात बुडालेला शोध

विज्ञानात माझ्या नावावर एकही शोध नाही, आणि त्याबद्दल माझी कोणाशी तक्रारही नाही. उभं आयुष्य प्रयोगशाळेत काढलं, काचेच्या बशांमध्ये पेशी वाढवल्या, त्यांनी साखर किती खाल्ली आणि त्यातून ताकद किती बनवली ते मोजलं, आणि वेळ झाली तशी निवृत्त झाले. पण विशी ओलांडत होते तेव्हा एक मोठा शोध माझ्या अगदी हातात आला होता. नागपूरला मोठ्या लोकांसमोर तो मांडला जायचा होता, त्यावर दुसऱ्या क्रमांकाला माझं नाव होतं. तो माझ्या सुभद्रा आत्यानं शिऱ्यात बुडवला. साजूक तुपातल्या. हे मी इतक्या वेळा तोंडी सांगितलं आहे की भाचीची पोरगी परवा म्हणाली, आजी, आता लिहूनच टाक, म्हणजे आम्ही सुटलो. ही पोरगी दंडावर रुपयाएवढं बटण चिकटवून हिंडते, आणि वडापाव खाल्ला की फोन तिला सांगतो साखर कुठवर चढली. त्यावर ती फोनलाच झापते. असलं बटण तेव्हा असतं तर आत्याची चोरी त्याच सकाळी पकडली गेली असती आणि मला हे प्रकरण लिहावं लागलं नसतं.

आम्ही अमरावतीचे. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, आई घरी, आणि आम्ही दोघी बहिणी. मी बी.एस्सी. झाले, तेही बायोकेमिस्ट्री घेऊन, आणि हा विषय नेमका काय आहे ते बाबांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. ते लोकांना सांगायचे, पोरगी 'औषधाचं' शिकली. पुढचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बी.एड. करायचं, आणि तिवस्याला त्यांच्या मित्राच्या ओळखीच्या शाळेत लागायचं. मला फळ्यासमोर उभं राहायचं नव्हतं. पोरांचा मला तेव्हाही राग यायचा. अशात पेपरात जाहिरात दिसली की अकोल्याला एका प्रयोगशाळेत मधुमेहावरच्या संशोधनासाठी सहायक पाहिजे, पहिले तीन महिने कच्चे. मी बाबांना न विचारता अर्ज टाकला आणि मला बोलावणंही आलं. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "तीन महिने. पक्की झाली तं ठीक. नाही तं गुमान परत यायचं अन् बी.एड.ले बसायचं. मंग माह्यासंग वाद नाही पायजे." मी हो म्हटलं. त्या तीन महिन्यांवर माझं सगळं अडकलं होतं, आणि हे मला चांगलं कळत होतं.

राहायची सोय आत्याकडे. सुभद्रा आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान, आमचे मामा, लवकर गेले, मूलबाळ नाही, आणि अकोल्यात रेल्वेलायनीच्या पलीकडे तिचं बसकं, लांबट घर. त्या घरात ती खानावळ चालवायची. अकरा जण जेवायला. बहुतेक शेतकी कॉलेजची पोरं, एक-दोघं नोकरीवाले. पहाटे स्टोव्हला पंप मारायचा आवाज, मग भाकरी थापल्याचे फटके, आणि मधूनच मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी एकमेकींशी कुजबुजल्यासारखी वाजायची. दुपारी वांग्याचं भरीत, गोळ्याची कढी, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा असा ठेचा, की पहिल्या दिवशी मी अर्धा तांब्या पाणी प्यायले. रविवारी पाटोड्या. आत्या स्वतः वाढायची, आणि 'पुरे' हा शब्द तिला ऐकूच यायचा नाही. ताटावर आडवा हात धरला तर हाताच्या बाजूनं वाढायची. तिच्या घराचा एकच कायदा होता. उंबऱ्याच्या आत आलेला माणूस काही खाल्ल्याशिवाय बाहेर जायचा नाही. पोस्टमन, रॉकेलवाला, वसुलीला आलेला माणूससुद्धा. विजेचा मीटर वाचायला येणारा बाप्या तर दर महिन्याला बरोबर बारा वाजता यायचा आणि मीटरकडे न बघताच पाटावर बसायचा.

प्रयोगशाळा म्हणजे तीन खोल्या, एक खडखडणारा फ्रीज आणि केळकर सर. सर पुण्याचे, पन्नाशीला आलेले, एकटे. त्यांचा प्रश्न साधा होता पण त्याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. आपल्याकडे अंगावर मांस नसलेला, वावरात राबणारा माणूससुद्धा मधुमेहानं गाठला जातो, तो का? सरांचं म्हणणं होतं की गडबड पोटाच्या घेरात शोधून उपयोग नाही, ती पेशीच्या आत शोधली पाहिजे. पेशीत साखर जाळून ताकद बनवणाऱ्या बारक्या भट्ट्या असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्या आळसावल्या की साखर रक्तातच फिरत बसते. हे सांगताना सर इतके खुलायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याच घरातलं लग्न ठरलं आहे. पण दहा वर्षं झाली होती आणि हाताला ठोस काही लागलं नव्हतं. संस्थेतले लोक पाठीमागून हसायचे. सरांना ते माहीत होतं. ते डबा एकटेच खायचे, आणि डब्यात रोज दोन पोळ्या आणि बटाटा.

मला पहिलं काम मिळालं पेशी सांभाळायचं. बशीतल्या पेशींना रोज त्यांचं खाणं घालायचं, गुलाबी रंगाचं पातळ पाणी, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी ते बंद करून त्यांना उपाशी ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी साखर दिली की त्या काय करतात ते स्वच्छ दिसतं. ही सगळीकडची पद्धत आहे, आजही आहे. मी हे कौतुकानं आत्याला सांगितलं आणि चुकलेच. तिनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "उपाशी? कायले उपाशी?" मी समजावलं. "म्हणजे बोलता येत नाही त्याइले, मांगता येत नाही, अन् तुमी वरून खाणं बंद करता?" मी म्हटलं, आत्या, त्या पेशी आहेत, त्यांना भूक कळत नाही. "तुले काय ठाव, नाही कळत म्हून? तू गेली होती आत?" यापुढे विज्ञान बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानंतर रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "जेवले का तुह्ये ते?"

दीड महिना झाला तसा सरांनी माझ्यावर मोठं काम टाकलं. आजारी माणसांचं रक्त त्यांच्याकडे बरंच जमलं होतं, आता तुलना करायला धडधाकट माणसं पाहिजे होती. बारा जण. आदल्या संध्याकाळी आठनंतर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सकाळी सातला पहिलं रक्त. मग मोजलेलं ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, आणि एक तासानं व दोन तासांनी पुन्हा रक्त. साखर आधी चढते आणि मग उतरते, तिचा कागदावर डोंगर काढायचा. त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्यांच्या भट्ट्या तपासायच्या. "माणसं मिळतील का गं?" सरांनी विचारलं. मी छाती काढून म्हटलं, अकरा तर माझ्या घरातच जेवतात. बारावा म्हणून मी त्यांच्यातल्याच एकाचा मित्र पकडला. आत्याला मी समोर बसवून सगळं दोनदा सांगितलं. आठनंतर काही नाही, सकाळी काही नाही, चहासुद्धा नाही. तिनं मला दोन्ही वेळा "हाव, हाव, समजलं" म्हटलं. तिला समजलं होतं हे मी आजही सांगते. लोकांना वाटतं तिला कळलं नसेल. तिला पुरेपूर कळलं होतं.

रविवारी सकाळी साडेपाचला मी दवाखान्यातल्या सिस्टरला आणि बर्फाची पेटी आणायला रिक्षानं गेले. साडेसहाला परतले, तर पोरं ओसरीवर ओळीनं बसलेली, एकदम गुणी चेहरे करून. मला वाटलं, बिचारे भुकेनं गप्प झालेत. घरात वेलदोड्याचा वास होता. मी आत्याला विचारलं, तर म्हणाली, तूप कढवलं. तूप कढवताना वेलदोडे कोण घालतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही, कारण मी नळ्यांवर नंबर लिहीत होते. बाराव्या पोरानं सुई पाहिली आणि "आलोच" म्हणून जो गेला तो अकोल्यात मला पुन्हा दिसला नाही. आता बारावा कोण? आत्या पदर खोचून पुढे आली. "मले टोच. एक माणूस कमी पडून तुह्यं काम नाही खोळंबलं पायजे." तिचं वय पन्नाशीच्या जवळ, पण माणूस ठणठणीत, पहाटेपासून उभा. मी कागदावर 'क्रमांक बारा' लिहिलं आणि पुढे वयाची नोंद केली. मी बाहेर घड्याळ आणि नळ्या सांभाळत होते, सिस्टर सुया टोचत होती, आणि ग्लुकोजच्या पुड्या पाण्यात विरघळवून पेले भरायचं काम मी विश्वासानं आत्याकडे दिलं होतं. पातूरचा ढोले म्हणून एक आडदांड पोरगा होता, तो पेला रिकामा करून म्हणाला, "आत्या, लिंबू भारी लागलं." मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. आत्या म्हणाली, "गंमत करून राहिला तो."

आकडे आले तसे सर खुर्चीतून उठले, बसले आणि परत उठले. बाराही जणांची उपाशीपोटीची साखर चढलेली, आणि ग्लुकोज प्यायल्यावर ती वाढायच्या ऐवजी उतरत गेलेली! "अगं, साखर दिल्यावर साखर उतरते आहे! एकाची नाही, बाराच्या बारा जणांची!" डोंगराच्या जागी घसरगुंडी. सरांनी दोनदा यंत्र तपासलं, तिसऱ्यांदा मला तपासायला लावलं. यंत्रात काही दोष नव्हता. मग त्यांनी सिद्धान्त बांधला. ज्वारी खाऊन आणि उन्हात राबून पिढ्यान्‌पिढ्या इथल्या माणसाच्या पेशी वेगळ्याच शिकल्या आहेत. रक्तात साखर राखून ठेवतात, आणि बाहेरून आली की भट्ट्या धडाडून पेटतात. त्याला त्यांनी नावही दिलं, 'वऱ्हाडी वक्र'. नागपूरच्या परिषदेसाठी मोठा तक्ता करायला घेतला. त्यावर पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. मला म्हणाले, "शुक्रवारी तक्ता पाठवतो, आणि त्याच दिवशी तुझं कायमचं पत्र टाइप करायला देतो." आणि त्या दिवशी त्यांनी डब्यातली एक पोळी मला दिली. मी अमरावतीला फोन केला. बाबांना फक्त एवढंच कळलं की पोरीनं शोध लावला आणि तो नागपूरला चालला आहे. दोन दिवसांत त्यांच्या सगळ्या ऑफिसला, आमच्या सगळ्या गल्लीला आणि तिवस्याच्या त्या मित्रालाही ते कळलं.

बुधवारी दुपारी आत्या बाजारात गेली होती. मी चहा टाकला, साखरेचा डबा रिकामा. फळीवर मागे एक पितळी डबा होता, त्यात पांढरं, अगदी पिठासारखं बारीक काही. चाखलं, गोड. दोन चमचे टाकले. चहा फिका लागला. आणखी दोन टाकले, तरी साखरेची गोडी काही येईना, आणि जिभेला जरा गार लागलं. मी कप खाली ठेवला आणि डबा उजेडात धरला. तीन वर्षं बायोकेमिस्ट्री शिकलेल्या पोरीला हे कळायला चार चमचे लागले. ग्लुकोज साखरेपेक्षा कमी गोड असतं. तो डबा ग्लुकोजचा होता. मी माझ्या हातानं तोलून बांधलेल्या पुड्यांमधलं, निम्म्याहून जास्त, जपून ठेवलेलं.

आत्या आली. मी डबा समोर धरला. ती जराही बिचकली नाही. "मंग? फेकायचं काय? पैशाची वस्तू."

"आत्या, हे पोरांच्या पोटात जायला पाहिजे होतं!"

"इतकं गोड? अन् शिऱ्यावर? बाधलं असतं पोट्ट्याइले. म्हून मी अर्धं अर्धंच घातलं, अन् लिंबू पिळलं."

मी डबा घेऊन पाटावर बसले. "कोणता शिरा?"

मग सगळं बाहेर आलं. मी रिक्षात बसल्याबरोबर तिनं कढई चढवली होती. पोरं आधी नाही म्हणाली, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ढोले तर म्हणाला, ताई रागावतीन. आत्यानं त्यांना सांगितलं, आधी उपाशी ठेवायचं अन् मग वरून रक्त काढायचं, हे माह्या घरात होणार नाही, तुमच्या मायबापाईले मी काय तोंड दाखवू? आणि सगळ्यांना शपथ घातली की ताईला सांगायचं नाही. स्वतःही तिनं कढईतलं खरवडून खाल्लं, आणि स्वतःच्या पेल्यात तर नुसतं लिंबूपाणी घेतलं.

"माय वं," मी म्हटलं, "काऊन केलं तू असं?" आत्या माझ्यासमोर फतकल मारून बसली आणि मला समजावू लागली. "हे पाह्य. तुह्या सायबाले शोध भेटला. तुले नोकरी भेटली. पोट्ट्याइले शिरा भेटला. कोणाचं काय वाईट झालं, सांग बरं?" आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचं म्हणणं पटलं. दोन दिवस गप्प राहायचं होतं, बस. शुक्रवारी पत्र हातात. नाही तर तिवस्याची शाळा, फळा, आणि बाबांचा चेहरा, ज्यांनी आख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. मी संध्याकाळपर्यंत गप्प बसले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेले तर सर रंगीत पेन्सिलीनं ती घसरगुंडी तक्त्यावर काढत होते, जीभ जराशी बाहेर काढून, शाळेतलं पोरगं काढतं तशी. डोकं दुखतं सांगून घरी आले. मी भित्री होते, आणि हे मी आज कबूल करते.

घरी येऊन आत्याजवळ रडले. ती म्हणाली, अवो बाई, शोध खोटा तर खोटा, त्यानं कोणाचं पोट दुखते? मग मी तिला पहिल्यांदा नीट सांगितलं. उद्या हा तक्ता डॉक्टर लोक वाचतील. परवा कोणी आजारी माणूस त्यांच्याकडे येईल, त्याची उपाशीपोटीची साखर चढलेली निघेल, आणि डॉक्टर म्हणेल, तू वऱ्हाडचा ना, मग हे असंच असतं, जा घरी.

आत्याचा हात थांबला. "म्हणजे खऱ्या बिमाराले बी परत धाडतीन?"

"हो."

"औषध न देता?"

"हो, आत्या."

ती उठली, चपला घातल्या आणि पितळी डबा काखेत मारला. "चाल. मी येतो तुह्यासंग." आमच्याकडे बायकासुद्धा 'येतो, जातो'च म्हणतात. सरांच्या पुणेरी कानांना ते शेवटपर्यंत पचलं नाही.

प्रयोगशाळेत आत्यानं मला तोंड उघडूच दिलं नाही. डबा सरांच्या टेबलावर, तक्त्याच्या अगदी मधोमध ठेवला आणि म्हणाली, "सायेब, पोरीचा काही गुन्हा नाही. शिरा मी खाऊ घातला." सरांना काही समजेना. मग मी सांगितलं, अगदी वेलदोड्यापासून लिंबापर्यंत. सर ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि परत काढला. मग त्यांनी विचारलं, "प्रत्येकाला शिरा साधारण किती ग्रॅम होता?"

आत्याला हा प्रश्न अपमानाचा वाटला. "मी मोजून नाही वाढत," ती म्हणाली.

सरांनी डोक्याला हात लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. ते हसत होते, पण डोळ्यांत पाणीही होतं, आणि त्यातलं कोणतं किती हे मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येत नाही. दहा वर्षांनी एक गोष्ट हाताला लागली होती त्या माणसाच्या. त्यांनी डबा बाजूला केला, तक्त्याची सुरळी केली आणि कपाटावर टाकली. "नागपूरच्या व्यासपीठावर हे कळलं असतं तर मी परत कोणासमोर उभा राहू शकलो नसतो," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, मला कालपासून माहीत होतं, मी बोलले नाही. "काल बोलली असतीस तर बरं झालं असतं," एवढंच सर म्हणाले, आणि ते मला थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. मग आत्याकडे वळून हात जोडले. "बाई, हे सगळं परत करायचं. तुमच्याच घरी, याच माणसांवर."

"करा," आत्या म्हणाली. "पण पोट्टे उपाशी असतीन तं मीबी उपाशी राहीन. अन् सैपाकघराची किल्ली तुमच्याजवळ ठेवा. माह्या हाताचा मले भरोसा नाही."

आणि तसंच झालं. पुढच्या रविवारी पहाटे पाचला केळकर सर स्वेटर घालून स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसले, कुलपाला पाठ लावून. आदल्या संध्याकाळी आठ वाजता आत्यानं किल्ली त्यांच्या घरी नेऊन दिली होती. शेजारच्या काकूंनी सवयीनं पोह्यांचं ताट पाठवलं, सरांनी ते दोन्ही हातांनी अडवलं आणि इतकं शुद्ध बोलून परत पाठवलं की काकू महिनाभर रुसल्या. ढोले भिंतीला टेकून कण्हत होता, "सर, मरून राहिलो मी." ग्लुकोज सरांनी स्वतः ढवळलं, प्रत्येकाचा पेला उलटा करून पाहिला. लिंबू कोणाला मिळालं नाही. आत्या ओळीत सगळ्यात शेवटी बसली होती, तोंड एवढंसं करून, आणि कधी नव्हे ते तिच्याकडे करायला काहीच काम नव्हतं. नऊ वाजता शेवटची नळी बर्फात गेली, कुलूप उघडलं, आणि अर्ध्या तासात आत्यानं सगळ्यांसमोर ताटं मांडली. सरांनी तीनदा शिरा घेतला. ताटावर हात आडवा धरायची पद्धत त्यांनी करून पाहिली, पण त्यांना ती जमली नाही.

मंगळवारी आकडे आले. अकरा डोंगर, पुस्तकात असतात तसे, शहाणे, साधे. वऱ्हाडी वक्र नावाची गोष्ट जगात नव्हती. सरांनी सुस्कारा टाकला आणि माझ्या हातात बारावा कागद दिला. हा डोंगर उंचावरून सुरू होत होता, आणखी वर जात होता, आणि उतरायचं नाव घेत नव्हता.

"सर, तिनं नक्की काहीतरी खाल्लं असणार," मी म्हटलं. "तुम्ही आत्याला ओळखत नाही."

"किल्ली माझ्या खिशात होती," सर म्हणाले.

मी पहिल्या रविवारचे कागद काढले. त्यातही क्रमांक बाराचा आकडा सगळ्यांच्या वर होता. बाकीचे अकरा जण शिऱ्यानं चढलेले होते, त्यांच्या गर्दीत तो मला दिसला नव्हता, सरांनाही दिसला नव्हता. शुक्रवारी तो तक्ता गेला असता तर आत्याचा आजार नागपूरच्या भिंतीवर निरोगीपणाचा दाखला म्हणून टांगला गेला असता. आणि त्याच्यावर दुसरं नाव माझं. मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. सरांनी मला खुर्चीवर बसवलं. "लवकर सापडलं आहे. औषधानं, खाण्यानं आवरेल. आता तू जा आणि तिला सांग. मी सांगितलं तर ती मला जेवायला बसवेल." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "आणि सोमवारपासून पेशी तूच बघायच्या आहेत. पत्र टाइपाला दिलंय."

घरी आत्या भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ चुलीपाशी बसले आणि सांगितलं. सगळं, एका दमात. ती थापत राहिली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"बाकीचे अकरा?" तिनं विचारलं.

"त्यांचं चांगलं आहे. एकदम ठणठणीत."

"सारेच्या सारे?"

"सारे."

"मंग माह्यं जेवण चांगलंच हाय," आत्या म्हणाली आणि भाकरी उलटली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. मग माझ्याकडे लक्ष गेलं, तशी पिठाचा हात तसाच माझ्या गालावरून फिरवला. "अवो बह्याड पोरी. सुया मले टोचल्या, अन् रडून तू राहिली काय?"